उघडं तोंड आणि मिटत जाणारं तोंड : चेहऱ्याच्या व तोंडाच्या स्नायूंचे विकार आणि उपचार



आपण मुलांचं अक्षर तपासतो, पाढे तपासतो, सोमवारी नखंसुद्धा तपासतो. पण ओठ, जीभ, गाल आणि जबडा यांच्याकडे आपलं लक्ष जातं ते बहुतेक वेळा "गप्प बसा रे" म्हणताना. आज त्याच तोंडाबद्दल थोडं शिकू या.

आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याचं तोंड कायम उघडं असतं. त्याला मुलं "बावळट" म्हणतात. एखादं मूल "साखर" म्हणताना जीभ दातांच्या बाहेर काढतं, त्याला "बोबड्या" असं नाव पडतं. आणि त्याच मुलाच्या घरी, लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत, एखादे काका असतात. त्यांना वडापावचा घास नीट घेता येत नाही, कारण वर्षानुवर्षं सुपारी खाऊन त्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. एकाचं तोंड मिटत नाही, दुसऱ्याचं उघडत नाही. दोन्हीकडे बिघाड हळूहळू होतो, दुखत फारसं नाही, आणि म्हणूनच कोणी लवकर डॉक्टरांकडे जात नाही.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. तोंडाच्या स्नायूंचे बरेचसे त्रास वेळेवर ओळखले तर उपचारांनी सुधारतात. पण आधी कारण शोधायचं आणि मग व्यायाम करायचा. हा क्रम उलटा केला तर वेळ वाया जातो, कधी नुकसानही होतं.

वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा

तोंडाचे स्नायू समजून घ्यायला आपल्याकडे एक सुंदर साधन आहे, आणि ते आपण पहिलीपासून शिकवतो. ते म्हणजे वर्णमाला. क, च, ट, त, प हे पाच वर्ण सावकाश म्हणून बघा. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलतो. 'च' ला जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. 'ट' ला जिभेचं टोक वर वळतं. 'त' ला तेच टोक वरच्या दातांच्या मागे जातं. आणि 'प' ला दोन्ही ओठ मिटतात. म्हणजे घशाकडून ओठांकडे असा जिभेचा प्रवास होतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावं आपण पाठ करून घेतो, पण ती प्रत्यक्षात स्नायूंच्या जागांची नावं आहेत.

मराठीत तर 'चहा' मधला च वेगळा आणि 'चाक' मधला च वेगळा. लिहिताना अक्षर एकच, पण जिभेची जागा बदलते. एवढं बारीक काम जीभ करते, कारण ती एकच मांसाचा गोळा नाही. जिभेत आठ प्रकारच्या स्नायूंच्या जोड्या असतात. चार जोड्या जिभेचा आकार बदलतात आणि चार तिला पुढे-मागे, वर-खाली नेतात. चेहऱ्यावरचे हावभाव करणाऱ्या स्नायूंना सातवी मेंदू-नस हलवते, चावण्याच्या स्नायूंना पाचवी आणि जिभेला बारावी.

आता तोंड स्वस्थ बसलेलं असताना काय व्हायला हवं ते पाहू.

१. ओठ सहज मिटलेले. हनुवटीवर सुरकुती पडेल इतका जोर लागता कामा नये.
२. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर आणि बाकीची जीभ टाळूला टेकलेली.
३. वरचे-खालचे दात किंचित दूर.
४. श्वास नाकाने.

'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक जिथे आहे, साधारण तीच त्याची विश्रांतीची जागा. हे आत्ताच करून बघा. बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळेल की आपली जीभ दिवसभर कुठे असते.

वर्गात आपल्याला काय दिसू शकतं?

मुलाला आपण दिवसातले पाच-सहा तास पाहतो. डॉक्टरांना ते पाच-दहा मिनिटंच पाहायला मिळतं. म्हणून आपलं निरीक्षण महत्त्वाचं. पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा:

• सर्दी नसतानाही तोंड उघडं, ओठ कोरडे किंवा फाटलेले.
• चार वर्षांनंतरही लाळ गळणं, वहीचं पान ओलं होणं.
• 'स', 'त', 'न' म्हणताना जीभ दातांच्या मधून बाहेर येणं.
• 'प', 'ब', 'म' म्हणताना दोन ओठ न मिटता खालचा ओठ वरच्या दातांना लागणं.
• डब्यातली पोळी खायला खूप वेळ लागणं, घास गालात धरून ठेवणं, फक्त मऊ पदार्थच खाणं.
• गिळताना तोंड वाकडं करणं, जीभ पुढे ढकलणं.
• समोरचे वरचे-खालचे दात मिटल्यावरही मध्ये फट राहणं.
• दुपारच्या तासाला पेंगणं, चिडचिड, लक्ष न लागणं, आणि घरी विचारलं तर "हा फार घोरतो" असं उत्तर मिळणं.

आवाज ऐकूनही बरंच कळतं. मूल "माझं नाव" ऐवजी "बाझं दाव" असं काहीसं बोलत असेल, तर त्याचं नाक बंद आहे, कारण म आणि न या वर्णांसाठी हवा नाकातून जावी लागते. याच्या उलट, जर प आणि ब सुद्धा नाकातून येत असतील, तर टाळूचा मागचा भाग नीट बंद होत नाही. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत असं होतं, आणि कधी कधी वरून टाळू नीट दिसत असताना आतले स्नायू जोडलेले नसतात तेव्हाही. ऐकायला दोन्हीला आपण "नाकात बोलतो" म्हणतो, पण कारणं अगदी विरुद्ध आहेत.

आणि काय विकार नाही, तेही समजून घेऊ

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गिरणगावात कोकणातून, घाटावरून, सीमाभागातून माणसं आली. घरात मालवणी, कुठे कोल्हापुरी, कुठे हिंदी, कुठे तेलुगू. मूल "पानी" म्हणालं, किंवा 'ळ' च्या जागी 'ल' म्हणालं, तर ते घरच्या बोलीमुळे किंवा घरच्या दुसऱ्या भाषेमुळे असू शकतं. त्याच्या जिभेत काही दोष नाही. प्रमाणभाषा शिकवायची ती शिकवण्याचा भाग म्हणून, आजार म्हणून नव्हे.

ओळखायची खूण सोपी आहे. तेच मूल "बाण", "शाळा" असे शब्द आपल्या मागे म्हणताना नीट म्हणू शकतं का? म्हणू शकत असेल तर स्नायू काम करतायत.

वयाचाही विचार हवा. ओठांचे वर्ण मुलांना आधी येतात. र, ळ, ष उशिरा येतात. बालवाडीतलं मूल "राजा" ला "लाजा" म्हणालं तर घाबरू नका. मात्र चार वर्षांच्या मुलाचं बोलणं अनोळखी माणसाला बहुतेक कळायला हवं. ते कळत नसेल तर वाट बघत बसू नका. सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या, कारण जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. तोतरेपणा म्हणजे अडखळणं ही वेगळी गोष्ट आहे, तिचे उपचारही वेगळे आहेत.

कारणं : पहिला प्रश्न नाकाला विचारा

उघड्या तोंडाचं सर्वात नेहमीचं कारण तोंडात नसून नाकात असतं. नाकाच्या मागे असलेल्या ॲडिनॉइड गाठी वाढलेल्या असतात, टॉन्सिल मोठे असतात किंवा ॲलर्जीने नाक सुजलेलं असतं. मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बारा महिने कुठे ना कुठे बांधकामाची धूळ असते. अशा मुलाला "तोंड मीट" म्हणून ओरडणं म्हणजे "श्वास घेऊ नकोस" म्हणण्यासारखंच झालं!

नाक बंद राहिलं की तोंड उघडं राहतं, जीभ खाली पडते, टाळूला तिचा आधार मिळत नाही. वाढीच्या वयात वरचा जबडा अरुंद होऊ शकतो आणि दातांना जागा कमी पडते. पुढे नाक मोकळं झालं तरी तोंड उघडं ठेवायची सवय राहून जाते. इथे थेरपीची गरज लागते.

इतर कारणं अशी:

• अंगठा चोखणं. तीन-चार वर्षांपर्यंत बहुतेक मुलं आपोआप सोडतात. साधारण सहा-सातव्या वर्षी पुढचे पक्के दात येतात, त्याआधी ही सवय सुटायला हवी. अंगठ्याला मिरची किंवा कडू रस लावणं, चारचौघांत हिणवणं यांनी मूल अजून घाबरतं आणि रात्री गुपचूप चोखतं. सवय कधी येते, झोपताना, टीव्ही बघताना की भीती वाटल्यावर, हे बघून त्या वेळी हाताला दुसरं काम द्या. न चोखलेल्या दिवसाला कॅलेंडरवर एक चांदणी काढा.
• दुधाची बाटली आणि चोखणी फार वर्षं चालू राहणं.
• जिभेखालचा पडदा आखूड असणं. जीभ बाहेर काढल्यावर टोक बदामाच्या आकारासारखं खाचतं. पण प्रत्येक आखूड पडदा कापावा लागत नाही. जीभ वर टाळूपर्यंत जाते का, खाताना आणि बोलताना अडचण येते का, हे तज्ज्ञांनी पाहून ठरवायचं.
• सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम यांसारख्या स्थितीत स्नायूंचा ताण जन्मतः कमी-जास्त असणं. या मुलांना खाणं-गिळणं शिकवणं हा उपचारांतला पहिला भाग असतो, बोलणं त्यानंतर.

थेरपी म्हणजे नेमकं काय करतात?

या उपचारांना वैद्यकीय भाषेत ओरोफेशियल मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. नाव लांबलचक आहे, अर्थ साधा आहे: तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंना योग्य कामाची सवय लावणं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ साली असं मांडलं होतं की दातांना तारा लावतो तशी चेहऱ्याचे स्नायू हीसुद्धा दात सरळ ठेवणारी जिवंत साधनंच आहेत. त्यांना शिकवलं नाही तर तार काढल्यावर दात पुन्हा हलतात. हे तर्काला धरून आहे. आपण दिवसात शेकडो वेळा गिळतो. प्रत्येक वेळी जीभ दातांना पुढे ढकलत असेल, तर तारेने महिनोन्‌महिने केलेलं काम ती हळूहळू उलटवते.

उपचार साधारण असे पुढे जातात:

१. तपासणी. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाक आणि टॉन्सिल पाहतात, दंतवैद्य दात आणि जबडा पाहतात, वाचाउपचारतज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्ट जीभ, ओठ, गिळणं आणि उच्चार पाहतात.
२. अडथळा दूर करणं. ॲलर्जीचं औषध, गरज असेल तर ॲडिनॉइडची शस्त्रक्रिया.
३. विश्रांतीची जागा शिकवणं. ओठ मिटणं, जीभ वर ठेवणं.
४. गिळण्याची नवी पद्धत. आधी पाण्याच्या घोटाने, मग मऊ अन्नाने, मग कडक अन्नाने.
५. सवय पक्की करणं. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, शेवटी झोपेत.

घोड्याच्या टापांसारखा जिभेचा "टॉक टॉक" आवाज काढणं हा व्यायाम तुम्ही पाहिला असेल. त्यात जीभ आधी पूर्ण टाळूला चिकटवायची असते आणि मग सोडायची असते. मुलांना तो खेळ वाटतो, आणि जीभ उचलण्याचा सराव होतो. नाक मोकळं असलेल्या मुलाला ओठांत आइस्क्रीमची काडी हलकेच धरून, दात न लावता, गोष्टीचं एक पान मनात वाचायला सांगतात. रोज दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं, आणि हे काही महिने. एक दिवस तासभर करून काही होत नाही. आपल्या सुलेखनासारखंच आहे ते, थोडं पण रोज.

आता एक गैरसमज दूर करू. फुगे फुगवले, पिपाणी वाजवली, स्ट्रॉने पाणी प्यायलं म्हणजे 'स' किंवा 'र' स्पष्ट येईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. फुंकायला लागणारी हालचाल आणि बोलायला लागणारी हालचाल वेगळी असते. 'र' यायला 'र' चाच सराव लागतो: आधी एकटा वर्ण, मग शब्दात, मग वाक्यात, मग गप्पांत. जीभ खाली पडणं, लाळ गळणं, चुकीचं गिळणं यांसाठी स्नायूंचे व्यायाम. उच्चारांसाठी उच्चारांचा सराव. दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात, पण एक दुसरीची जागा घेत नाही.

सध्या मोबाइलवर दोन गोष्टी फिरतात. एक म्हणजे "म्यूइंग". आठवी-नववीची मुलं प्रश्न विचारला की ओठांवर बोट ठेवून जबड्यावरून बोट फिरवतात, ते हेच. जीभ टाळूला दाबून चेहरा देखणा होतो असा त्यामागचा दावा आहे. जीभ टाळूला ठेवणं चांगलंच, पण तेवढ्याने मोठ्या मुलांच्या जबड्याचं हाड बदलतं याला पुरावा नाही. दुसरी म्हणजे झोपताना तोंडाला चिकटपट्टी लावणं. नाक बंद असलेल्या मुलाच्या बाबतीत हे धोकादायक आहे. कृपया करू नका.

घोरणं, झोप आणि शंख

घोरणारं मूल गाढ झोपलंय असं आपल्याला वाटतं. खरं तर काही मुलांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो आणि झोप मोडते. असं मूल सकाळी थकलेलं असतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल-ॲडिनॉइड हे याचं मुख्य कारण, आणि बहुतेक वेळा त्यांची शस्त्रक्रिया हा पहिला उपाय असतो.

स्नायूंच्या व्यायामाचा इथे उपयोग होतो का? २०१५ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण या व्यायामांनी मोठ्यांमध्ये साधारण ५० टक्क्यांनी आणि मुलांमध्ये ६२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. मात्र त्यात मुलं फक्त २५ होती, त्यामुळे हा जोडउपचार समजायचा, मुख्य उपचार नव्हे.

आपल्या जवळचं उदाहरण सांगतो. गिरगावच्या चाळींत गणपतीच्या आरतीला शंख फुंकणारं कोणी ना कोणी असतंच. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी कमी झाली. याआधी युरोपात ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या डिजेरिडू या वाद्यावर असाच अभ्यास झाला होता. कारण एकच: जोराने आणि सलग फुंकताना घशाचे, टाळूचे स्नायू कसून काम करतात. अभ्यास छोटा आहे, म्हणून कोणी डॉक्टरांनी दिलेलं मशीन बंद करून शंख हातात घेऊ नये. पण स्नायू मोठ्या वयातही शिकतात, एवढं यातून दिसतं.

मोठ्यांचं "तोंड वाकडं होणं"

सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने सांडतं, एक डोळा मिटत नाही, हसलं की तोंड एकीकडे ओढलं जातं. आपल्याकडे म्हणतात "वारं लागलं". मग गरम कपड्याने शेकणं, तेल चोळणं यात दोन-तीन दिवस जातात. तेच दिवस सर्वात मोलाचे असतात!

आधी हे लक्षात घ्या की तोंड वाकडं होणं हा पक्षाघाताचा झटकाही असू शकतो. सोबत हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोल गेला तर एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा माणसाला पाणी, चहा, गोळी काही भरवू नका. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरच्या घरी निदान करत बसू नका.

फक्त सातव्या नसेला सूज आली असेल तर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या शल्यविशारदाने दोनशे वर्षांपूर्वी या नसेचं काम समजावून दिलं, त्यांचं नाव या आजाराला मिळालं. ७२ तासांच्या आत स्टेरॉइडची औषधं सुरू केली तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. बहुतेक जण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात. तोपर्यंत डोळ्याची काळजी सगळ्यात महत्त्वाची: डॉक्टरांनी दिलेले थेंब घालणं, रात्री पापणी मिटवून पट्टी लावणं.

व्यायाम इथेही आहेत, पण हळुवार. आरशासमोर बसून भुवई सावकाश उचलणं, ओठ हलकेच मिटणं, दोन्ही बाजू सारख्या हलतायत का हे पाहणं. जोर लावून फुगे फुगवणं, दिवसभर च्युइंगम चघळणं टाळावं. जबरदस्ती केली तर नस बरी होताना स्नायूंची चुकीची जोडी जमू शकते, आणि मग हसताना डोळा आपोआप मिटतो. फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करा.

मिटत जाणारं तोंड : सुपारीची गोष्ट

आता आपल्या भागाशी फार जवळून जोडलेला विषय. सुपारीने गालांच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, आत दोरीसारखे पट्टे जाणवतात, आणि तोंड उघडणं कमी होत जातं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. भारतात याचं पहिलं वर्णन १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी केलं. १९५६ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर यांनी लिहिलं की तिथे पाहिलेल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांश जणांना पुढे तोंडाचा कर्करोग झालेला दिसला. म्हणजे ही धोक्याची सूचना आपल्याच शहरातून, सत्तर वर्षांपूर्वी मिळालेली आहे.

२००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसताना, कर्करोगकारक ठरवलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूचे पदार्थ विकायलाही कायद्याने मनाई आहे. तरी मुलांच्या हातात पहिली येते ती गोड सुपारीची छोटी पुडी. "त्यात तंबाखू कुठाय?" असं पालकच म्हणतात. तंबाखू नसली तरी स्नायूंभोवतीचं अस्तर आखडवायला सुपारी पुरेशी आहे.

पहिल्या खुणा अशा:

• नेहमीचं तिखट खाल्लं तरी तोंडात आग होणं.
• गालाचा आतला भाग फिकट, पांढुरका दिसणं.
• शीळ घालता न येणं, गाल फुगवता न येणं.
• जीभ पूर्ण बाहेर न येणं.
• तोंड कमी उघडणं.

घरी करायची सोपी चाचणी: हात स्वच्छ धुवून स्वतःचीच तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत घालून पाहा. तिन्ही सहज गेली तर उत्तम. दोनच गेली तर दंतवैद्यांना दाखवा. मोठ्या माणसाचं तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर ते आखडलेलं मानतात.

उपचारात पहिली पायरी म्हणजे सुपारी पूर्ण बंद. त्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. मग औषधं, इंजेक्शनं, आणि रोजचे तोंड उघडण्याचे व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दर काही दिवसांनी एकेक वाढवायची, ही पद्धत स्वस्त आहे आणि प्रगती डोळ्यांना दिसते. "गेल्या आठवड्यात बारा होत्या, आज तेरा," असं मोजता येतं. आखडलेलं अस्तर पूर्ववत होत नाही, पण पुढचं आखडणं थांबवता येतं. दर काही महिन्यांनी तपासणी मात्र जन्मभर हवी.

तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेल्यांनाही हेच व्यायाम लागतात. उपचारांनंतर जबडा आखडतो, गिळणं बदलतं. दुखतंय म्हणून व्यायाम टाळले तर पुढे चमचासुद्धा तोंडात जात नाही. अशा घरातला विद्यार्थी आपल्या वर्गात असेल तर त्याला सांगा, "बाबांच्या काड्या तू मोज." मुलाला मदत केल्याचं समाधान मिळतं आणि बाबांचा व्यायाम चुकत नाही.

मुंबईत कुठे जायचं?

दक्षिण आणि मध्य मुंबईत आपण खरं तर नशीबवान आहोत. परळला १९२६ पासूनचं केईएम रुग्णालय आहे, १९२९ पासूनचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आहे आणि १९४१ पासूनचं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. गिरगाव-दादर भागातून मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय आणि त्याचं दंत महाविद्यालय जवळ पडतं. सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था १९८३ पासून आहे.

खासगी स्पीच थेरपिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे जरूर विचारा. विचारायला लाजू नका. "दहा दिवसांत बोबडेपणा गायब" अशा जाहिरातींपासून दूर राहा.

शाळांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दुभंगलेले ओठ-टाळू, दातांचे त्रास, बोलण्यातला विलंब हे सगळं त्यात येतं. आरोग्य पथक शाळेत आलं की आपली निरीक्षणं तयार ठेवा. "सर, हा मुलगा बघा ना," एवढं तोंडी सांगण्यापेक्षा दोन ओळी लिहून दिल्या तर उपयोग जास्त होतो.

आपण शाळेत काय करू शकतो?

१. "बोबडा", "बावळट", "फेंगडं तोंड" ही नावं वर्गात बंद. सुरुवात आपल्यापासून.
२. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, प्रत्येक मुलाचं प्रकट वाचन शांतपणे ऐका आणि वर दिलेल्या खुणांपैकी काही दिसलं तर टिपून ठेवा.
३. पालकांना एकट्याने बोलवा. पालकसभेत सर्वांसमोर नको. "तुमच्या मुलात दोष आहे" असं न म्हणता "एकदा नाक-कान-घसा दाखवून घ्या" असं म्हणा.
४. थेरपी चालू असलेल्या मुलाला वाचनातून वगळू नका. छोटा उतारा आधी घरी द्या, म्हणजे तो तयारी करून येईल. चुकीचा उच्चार सर्वांसमोर दुरुस्त करू नका. आपण तोच शब्द पुढच्या वाक्यात स्पष्ट म्हणा.
५. डब्यात चावायला लागेल असं काही असू द्या: भाकरी, गाजर, भिजवलेले चणे. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे-चणे मात्र देऊ नका, ते घशात अडकतात.
६. सातवी-आठवीच्या आरोग्याच्या तासाला तीन बोटांची चाचणी समजावून सांगा आणि ती घरी जाऊन सर्वांना सांगायला लावा. ज्याची बोटं जाणार नाहीत, त्याची वर्गात चर्चा नको.
७. वर्णमाला शिकवताना मुलांना छोटा आरसा द्या. 'प' ला ओठ बघू दे, 'त' ला जीभ बघू दे. भाषेचा तास आणि तोंडाची तपासणी एकाच वेळी होते.

मुलाचा पहिला उच्चार आईबाबा ऐकतात, पण पहिलं प्रकट वाचन आपण ऐकतो. त्या वेळी जीभ कुठे जाते, ओठ मिटतात का, श्वास कुठून चाललाय एवढं पाहायला काही खर्च येत नाही. औषध देणं डॉक्टरांचं काम, व्यायाम शिकवणं थेरपिस्टचं काम, रोज करून घेणं पालकांचं काम. वेळेवर लक्ष जाणं हे मात्र आपलं काम आहे.

लेख उपयुक्त वाटला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांच्या गटावर जरूर पाठवा. आणि आज घरी गेल्यावर आरशासमोर तुमची स्वतःची तीन बोटं एकदा नक्की घालून पाहा.